पोर्तुगालची तब्येत

दोना एर्मेलिंदा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर बटाट्यांची टोपली होती. आम्ही तिघी त्यांच्या मागून चढण चढत होतो. माझ्या हातात वही, इंगेबाईंच्या हातात फाइल आणि दोना फिलोमेनाचे हात मोकळे. तरी धापा आम्हीच टाकत होतो. चढण संपली तशी म्हाताऱ्या बाईंनी टोपली दारातल्या कट्ट्यावर उतरवली आणि कमरेवर हात ठेवून, आम्ही पोचेपर्यंत वाट बघत उभ्या राहिल्या.

इंगेबाईंनी श्वास सावरला आणि फाइलमधला प्रश्न इंग्रजीत वाचला. दोना फिलोमेनाने तो पोर्तुगीजमध्ये सांगितला. एकूणात तुमची तब्येत कशी आहे? फार चांगली, चांगली, ठीकठाक, वाईट की फार वाईट?

"वाईट," दोना एर्मेलिंदा म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "हिवाळ्यात फार वाईट."

इंगेबाईंनी फाइल पुन्हा पाहिली. सहा महिन्यांपूर्वी याच बाईंनी याच प्रश्नाला 'चांगली' असं उत्तर दिलेलं होतं. आम्ही डेन्मार्कहून एवढ्या लांब आलो होतो ते त्या 'चांगली'चा फोटो काढायला.

ही गोष्ट १९९९च्या ऑक्टोबरातली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. मिरजेची मुलगी, संख्याशास्त्रात पीएच.डी. केलेली, आणि डेन्मार्कमधल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या नेमणुकीवर गेलेली. प्राध्यापक इंगे मॉर्टेनसेन माझ्या वरिष्ठ. तिकडे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. एकसष्ट वर्षांच्या प्राध्यापिकेला 'इंगे' म्हणताना माझी जीभ अडखळायची, म्हणून मी तोंडाने 'इंगे' म्हणायची आणि मनातल्या मनात 'बाई' जोडायची. बाई सहा फुटांच्या जवळ उंच, बर्फातसुद्धा सायकलने येणाऱ्या, लिफ्टला हात न लावणाऱ्या. कशा आहात असं विचारलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं: 'फीन्त'. म्हणजे छान. त्यांच्या नवऱ्याचा अंत्यविधी झाला त्या दुपारीही त्यांनी विभागात येऊन 'फीन्त' म्हटलं होतं, असं मला टायपिस्टने सांगितलं.

आमचं काम असं. डेन्मार्क आणि पोर्तुगाल, दोन्हीकडच्या काही हजार लोकांना १९८७ साली, मग १९९३ साली आणि मग १९९९ साली तब्येतीबद्दल तोच प्रश्न विचारलेला होता. डॉक्टरी तपासणी वगैरे काही नाही. माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो तेवढंच. डॅनिश लोक पहिल्यापासून चांगली, फार चांगली म्हणत आले होते. आलेखावर त्यांची रेघ वर, अगदी सरळ. पोर्तुगालची रेघ खाली होती, ती या शेवटच्या खेपेला एकदम वर येऊन डेन्मार्कला भिडायला आली होती. इंगेबाई त्याला 'कात्री मिटतेय' असं म्हणायच्या. नवे दवाखाने, नवे रस्ते, नळाचं पाणी, या सगळ्याचं फळ त्या रेघेत दिसतंय असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यासाठी त्यांनी एकोणीस वर्षं घातली होती. पोर्तुगालच्या राजधानीत दहा दिवसांनी परिषद होती. तिथे नुसते आकडे दाखवण्यापेक्षा दहाबारा खरी माणसं दाखवावीत, १९८७ला 'वाईट' म्हणालेली आणि आता 'चांगली' म्हणणारी, अशी कल्पना बाईंना सुचली. म्हणून आम्ही उत्तरेकडच्या एका डोंगरगावात आलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. उत्तरं देणाऱ्यांची ओळख परिषदेबाहेर फोडणार नाही असं आम्ही त्यांना सही करून दिलं होतं, आणि त्याच कारणाने त्यांची नावंही बदलली आहेत.

माझाही त्यात स्वार्थ होता. माझी नेमणूक डिसेंबरात संपत होती. परिषद गाजली तर मुदतवाढ मिळेल, असं बाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

दोना फिलोमेना ही त्या गावची प्रश्न विचारणारी बाई. पन्नाशीची, बुटकी, काळा स्कर्ट, काळा स्वेटर. तरुणपणी सहा वर्षं लंडनमध्ये एका लाँड्रीत काम केल्यामुळे तिला इंग्रजी येत होतं, आणि त्यात कपड्यांचे डाग या विषयावरचे शब्द जरा जास्तच होते. पहिल्या दोन्ही वेळा तिनेच घरोघर जाऊन फॉर्म भरले होते. तिसऱ्या वेळी, म्हणजे त्याच वर्षी, राजधानीतल्या एका कचेरीतून मुलींनी टेलिफोनवर प्रश्न विचारले. तो फरक आम्हाला माहीत होता. अहवालाच्या तळटीपेत त्याची नोंदही होती. तळटीप मीच टाइप केली होती.

तर दोना एर्मेलिंदांना बाईंनी विचारलं, की टेलिफोनवर तुम्ही 'चांगली' का म्हणालात?

त्यांना आधी काही आठवेना. मग आठवलं. चुलीवर घेवडा होता. फोन वाजला, कुणी एक मुलगी होती, आवाज गोड होता. "आता मला सांगा," दोना एर्मेलिंदा म्हणाल्या, "तारेच्या त्या टोकाला बसलेल्या परक्या पोरीला मी माझ्या लघवीचं काय सांगू? म्हटलं, चांगली आहे, देव तुझं भलं करो, आणि ठेवला."

फिलोमेनाला मात्र त्यांनी बारा वर्षांपूर्वी सगळं सांगितलं होतं. गुडघे, मूत्राशय, डाव्या कानातला आवाज. फिलोमेना स्वयंपाकघरात बसायची, कॉफी व्हायची, दोन तास जायचे. तेवढ्या वेळात तब्येत चांगली आहे असं म्हणणं हा पाहुणीचा अपमानच झाला असता. बोलायचं मग कशाबद्दल?

दुसरं घर सेन्योर बाल्ताझार यांचं. निवृत्त पोस्टमन, वय एकोणऐंशी. त्यांनी पुढे होऊन आधी खुंटीवर टांगलेल्या एका कोटाशी हस्तांदोलन केलं आणि मग इंगेबाईंशी. टेलिफोनवर त्यांनी 'फार चांगली' असं सांगितलं होतं, आख्ख्या गावात तसं म्हणणारे ते एकटेच. त्यांना वाटलं होतं की फोन मोटार चालवण्याच्या परवान्याच्या कचेरीतून आहे. वाईट म्हटलं असतं तर परवाना गेला असता. आम्ही त्या कचेरीतल्या नाही हे पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतल्यावर त्यांनी दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूंची माहिती दिली. निघताना त्यांनी आम्हाला पुढच्या घरापर्यंत मोटारीने सोडायची तयारी दाखवली. फिलोमेनाने इतक्या घाईने नको म्हटलं की तिला भाषांतर करायचंही सुचलं नाही.

तिसरी दोना सेलेस्त, त्रेसष्ट वर्षांची, गालावर लाली, हसली की दारं वाजतील अशी. ही तरी खरोखर निरोगी होती. बाईंचा चेहरा उजळला. पण प्रश्न विचारल्याबरोबर सेलेस्तबाईंचं हसू मावळलं. त्यांनी आमच्या तिघींकडे एकेक करून पाहिलं, मेजाच्या लाकडाला तीनदा बोट लावलं आणि हळू आवाजात "ठीकठाक" म्हणाल्या.

मला हसू आलं. आमच्या मिरजेच्या घरी कुणी पाहुण्याने माझ्या धाकट्या भावाला 'गुटगुटीत झालाय' म्हटलं की आई त्याच्या तोंडावर हो हो म्हणायची आणि तो फाटकाबाहेर पडला की मीठमोहऱ्या शोधायला लागायची. मी फिलोमेनाला विचारलं, दृष्ट का? तिला शब्द कळला नाही, पण मी मूठ ओवाळून दाखवली तेव्हा तिने लगेच मान डोलावली. तब्येत चांगली आहे असं माणसांसमोर म्हटलं की शुक्रवारच्या आत अंथरूण धरायचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मग टेलिफोनवर 'चांगली' कसं म्हटलं, असं बाईंनी विचारलं.

सेलेस्तबाईंना हा प्रश्नच अडाणीपणाचा वाटला. ती फोनवरची मुलगी त्यांना बघू शकत नव्हती. न बघता दृष्ट लागते कशी?

इथपर्यंत सकाळचे अकरा वाजले होते. आजारी माणसं समोर 'वाईट' म्हणत होती, धडधाकट माणसं समोर 'ठीकठाक' म्हणत होती, आणि टेलिफोनवर सगळीच्या सगळी 'चांगली' होती. मला काय चाललंय ते कळायला लागलं होतं आणि कळू नये असंही वाटत होतं. मुदतवाढीचा अर्ज विद्यापीठात माझ्या टेबलावर भरून ठेवलेला होता.

म्हणून मी एक गोष्ट केली, जी मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. सेलेस्तबाईंच्या दाराबाहेर मी बाईंना म्हटलं, की फोटोला आवाज नसतो. दोना एर्मेलिंदांचा टोपलीसकट फोटो घ्यावा, खाली वय लिहावं, एवढंच. त्या काय म्हणतात ते विचारायची काही गरज नाही.

इंगेबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. उजव्या हाताने त्या डावा जबडा चोळत होत्या. दोन दिवस चोळत होत्या. दाढ दुखतेय, बाकी फीन्त, असं त्यांचं म्हणणं होतं.

"बरी कल्पना आहे," त्या म्हणाल्या.

जेवायला आम्ही चौकातल्या खाणावळीत बसलो. कोबीचं सूप आणि पाव. कोबी, पाव, मेज, चावी, साबण, बादली. तिथे आल्यापासून मला त्यांच्या बोलण्यात दर तासाला एखादा ओळखीचा शब्द भेटत होता, आणि मी मिरजेहून निघून फिरत फिरत कुठल्या तरी मावशीकडेच आले आहे असं वाटत होतं. बाईंनी सूपाला हात लावला नव्हता. फिलोमेना मात्र आता खुलली होती. तिला आमचा फॉर्म पहिल्यापासून आवडत नव्हता. सगळ्यात जास्त लोक म्हणतात ते उत्तर त्यात नाहीच, अशी तिची तक्रार होती. ते उत्तर म्हणजे 'वाय-स अंदांदु'. मी अर्थ विचारला. तिने दोन बोटं मेजावर चालवून दाखवली.

"चाललंय," मी मराठीत म्हणाले.

बाईंनी विचारलं, असं कुणी म्हटलं तर तू कुठल्या चौकोनात खूण करायचीस? फिलोमेनाने सरळ सांगितलं, की सुस्कारा टाकून म्हटलं तर 'वाईट', हसून म्हटलं तर 'ठीकठाक'. आणि पाऊस असेल त्या दिवशी एक घर खाली.

इंगेबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग शांतपणे त्यांनी आम्हा दोघींना समजावलं, की तीन घरं म्हणजे पुरावा नव्हे. हजारो उत्तरांत अशा बारीकसारीक चुका इकडच्या तिकडे होऊन एकमेकींना पुसून टाकतात. हेच वाक्य मी विद्यार्थ्यांना शिकवत असे.

"तुमच्या देशात घरी जाऊन कोण विचारतं?" फिलोमेनाने विचारलं. तिला वाद घालायचा नव्हता, धंद्यातली चौकशी होती.

"कुणीच नाही. आम्ही पहिल्यापासून टेलिफोनच करतो."

"म्हणजे तुमच्या लोकांना अजून कुणी बघितलंच नाही?"

कात्री मिटवली होती ती टेलिफोनने. दवाखान्यांनी नव्हे, रस्त्यांनी नव्हे. पोर्तुगालची तब्येत ज्या वर्षी सुधारली त्या वर्षी आम्ही फक्त तिच्याकडे बघायचं बंद केलं होतं. हे मला कळलं होतं आणि बाईंनाही कळलं आहे हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. त्यांचा रंग ओल्या राखेसारखा झाला होता. मला वाटलं, एकोणीस वर्षांचं काम असं सूपाच्या ताटलीत बुडालं तर कुणाचाही होईल.

फिलोमेनाला तसं वाटलं नाही. बाहेर पडताना तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"तुझ्या बाईंना काहीतरी होतंय."

मी म्हटलं, त्या छान आहे म्हणतात.

"मी बारा वर्षं लोकांना हा प्रश्न विचारतेय," ती म्हणाली. "उत्तर मी कागदावर लिहिते. बघते तोंडाकडे."

चौकात दगडी हौद होता. बाई त्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि बूट काढल्यासारखं करत होत्या, पण हात नाडीपर्यंत जात नव्हता. बुटात खडा गेलाय, असं त्या म्हणाल्या. कपाळावर घाम होता आणि हवा तर अशी गार की माझ्या अंगात दोन स्वेटर. मी पाणी हवं का विचारलं. फीन्त. डॉक्टरला बोलावू का? फीन्त, फीन्त. मला आज लाज वाटते, पण मी तेवढ्यावर थांबले. त्या माझ्या वरिष्ठ होत्या, आणि डॅनिश माणूस बोलतो ते तसंच असतं अशी माझी एकवीस महिन्यांत पक्की समजूत झाली होती.

फिलोमेनाने काही विचारलंच नाही. ती चौक ओलांडून गेली आणि तिच्या चुलतभावाला त्याच्या मासळीच्या गाडीसकट घेऊन आली. बाईंना आम्ही दोघींनी धरून पुढच्या सीटवर चढवलं. मी आणि फिलोमेना मागे, रिकाम्या खोक्यांवर. जिल्ह्याचं रुग्णालय चाळीस किलोमीटरवर होतं. वाटेत वळणावळणाला इंगेबाई अत्यंत सभ्यपणे सांगत होत्या, की हे सगळं अनावश्यक आहे, त्या ठीक आहेत, आणि चुलतभावाचं दुपारचं काम खोळंबलं याबद्दल त्या दिलगीर आहेत. चुलतभावाला इंग्रजी येत नव्हतं. तो प्रत्येक वेळी मान डोलावून गाडी आणखी जोरात हाकायचा.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होता. थकलेला, समोर वीसेक माणसं. त्याने फिलोमेनाला विचारलं, काय होतंय. फिलोमेनाने बाईंना विचारलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या आणि नीट शब्द निवडून म्हणाल्या, "त्यांना सांग, मला काही विशेष नाही. छातीत किंचित आवळल्यासारखं वाटतं, तेही मधूनमधून. माझ्या आधी आलेल्यांना त्यांनी आधी बघावं."

फिलोमेना डॉक्टरकडे वळली आणि एक छोटंसं वाक्य बोलली. डॉक्टर ताडकन उठला. त्या वाक्यात 'मोर्रेर' असा एक शब्द होता. मला तो कुणी शिकवला नव्हता, पण मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही.

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं. तोपर्यंत बाईंना स्ट्रेचरवरून नेलं होतं.

"म्हटलं, त्या म्हणतायत की त्या मरतायत."

"त्या असं म्हणाल्या नाहीत."

"मी भाषांतर केलं," फिलोमेना म्हणाली.

हृदयविकाराचा झटका होता. दोन दिवस हळूहळू येत होता आणि त्या दुपारी पूर्ण आला. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आला. रांगेतल्या वीस माणसांना आधी बघितलं असतं तर या राहिल्या नसत्या, असं त्याने फिलोमेनाला सांगितलं. तिने ते मला जसंच्या तसं सांगितलं. या वेळी तिने काही बदललं नसावं.

आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं. बाई नळ्यांमध्ये पडल्या होत्या, पण डोळे उघडे. त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. मला वाटलं परिषदेबद्दल काही असेल. त्यांचं म्हणणं होतं, की आस्गरला कळवू नकोस. आस्गर त्यांचा एकुलता एक मुलगा, कोपनहेगनला शाळेत शिक्षक. दर गुरुवारी संध्याकाळी तो आईला फोन करायचा, आणि तो फोन तीन मिनिटांत संपायचा. आज गुरुवार होता. त्याच्या वर्गाची सहामाही आहे, त्याला उगीच त्रास, फोन आला तर सांग की मी छान आहे आणि कामात आहे. मी हो म्हटलं. त्यांची पर्स त्यांनी माझ्याकडे दिली.

संध्याकाळी पाचला पर्समधला मोबाइल वाजला. मी त्या खोलीच्या काचेबाहेर उभी होते. काचेतून बाई मला दिसत होत्या आणि मी त्यांना. त्यांनी उशीवर डोकं इकडून तिकडे हलवलं. नाही. सांगू नकोस.

आमच्या घरात शिक्षकांचा शब्द मोडायची रीत नाही. माझे वडील शाळेत मुख्याध्यापक होते. शिवाय मुदतवाढीचा अर्ज याच बाईंच्या सहीने जायचा होता. आणि आस्गर काय, मी कधी बघितलेलाही नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाचा एक आवाज. आई आहे का, कशी आहे, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघताच तो पुढचं बोलायच्या तयारीत आहे हे मला ऐकू येत होतं.

"बऱ्या नाहीत," मी म्हणाले. "हृदयविकाराचा झटका आलाय. तू इकडे ये."



"हे तिनं तुला सांगायला सांगितलं?"

"नाही. सांगू नकोस म्हणाल्या."

"म्हणजे खरंच गंभीर आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

काचेपलीकडे बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

नंतरचं आधीच सांगून टाकते. परिषदेत त्या वर्षी आमचा निबंध वाचला गेला नाही. पुढच्या वसंतात इंगेबाईंनी दुसरा निबंध वाचला. दोन देशांची तुलना बारा वर्षं आपण कशी चुकीची केली, याच्यावर. तळटीप वर आली होती आणि बाकी सगळं तळटीपेत गेलं होतं. सभागृहात लोक हसले म्हणे. तेवढा एक निबंध मात्र अजून ठिकठिकाणी विद्यार्थ्यांना वाचायला देतात. त्यात दुसरी लेखिका म्हणून दोना फिलोमेनाचं नाव आहे. माझी मुदतवाढ झाली नाही, आणि ते बरोबरच होतं. ज्या निष्कर्षासाठी ती मागितली होती तो उरलाच नव्हता. मी जानेवारीत पुण्याला परतले आणि पुढे चोवीस वर्षं कॉलेजात शिकवलं. बाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. मी त्यांचा शब्द मोडला याबद्दल त्या मला एकदाच बोलल्या, डेन्मार्कला परतल्यावर. त्या म्हणाल्या, तू मला न विचारता केलंस. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. काही न विचारता नुसता फोटो घ्यायची कल्पनाही माझीच होती, त्याबद्दल त्यांनी कधी काही म्हटलं नाही.

पण मला राहून राहून आठवते ती दुसऱ्या दिवसाची दुपार.

आस्गर साडेबाराला आला. आईसारखाच उंच, लोकरीचा जाड स्वेटर, हातात कागदात गुंडाळलेला काळ्या पिठाचा डॅनिश पाव, कारण इकडच्या रुग्णालयात आई खाणार नाही अशी त्याला भीती होती. मी आणि फिलोमेना दाराशी उभ्या होतो. नर्सने आम्हाला हाकललं नव्हतं, कारण फिलोमेनाने आपण घरच्या आहोत असं सांगितलं होतं. काय नातं, ते तिने सांगितलं नाही.

आस्गर पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. तो आणि त्याची आई डॅनिशमध्ये बोलले. मला तोपर्यंत तेवढी भाषा कळत होती.

तिला कसं वाटतंय असं त्याने विचारलं.

"फीन्त," इंगेबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण शब्द तोच. मग त्यांनी त्याला विमान वेळेवर होतं का आणि सहामाहीचं काय केलंस, असं विचारलं. त्याने सांगितलं. मग दोघांचंही बोलणं संपलं. तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील. खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली, तिकडे दोघांनीही पाहिलं.

आस्गरने पाव कपाटावर ठेवला. पिशवी पुन्हा खांद्याला लावली. तो चिडलेला नव्हता. असंच होणार हे माहीत असलेल्या माणसासारखा तो म्हणाला, "तू छान आहेस तर मग मी निघतो. संध्याकाळी एक विमान आहे."

तो दारापर्यंत आला. मी बाजूला झाले.

"जाऊ नकोस," पलंगावरून आवाज आला.

तो वळला. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, छताकडे बघत होत्या. नळी लावलेला हात पांघरुणावर उताणा पडला होता. बोटं किंचित उघडी.

त्याने पिशवी तिथेच दारात, अगदी माझ्या पायावर टाकली आणि आत गेला. पलंगाच्या कडेवर, त्या स्वेटरसकट, तो बसला. त्यांचा हात त्याने हातात घेतला, आणि एवढ्या उंच दोन माणसांना तो कसा धरायचा हे नक्की माहीत नसल्यामुळे बराच वेळ त्यांची बोटं एकमेकांत जागा शोधत राहिली.

फिलोमेनाने मला कोपराने ढोसलं. बाई काय म्हणाल्या, हे तिला कळायला हवं होतं. मी सांगितलं.

तिने आत एकदा नीट पाहिलं, बाईंच्या तोंडाकडे, मग मुलाच्या.

"हं," ती म्हणाली. "आता तब्येत जरा बरी आहे."

आणि तिने हळूच दार लोटून घेतलं.